शेवाळाची साक्ष

“चोपड्याच्या त्या प्रकरणात साहेबांनी जुनी ओळख जपली आणि थोरल्या भावाला सोडून दिले.” आमच्या निवृत्त पोलिसांच्या स्मरणिकेत माझ्याच एका सहकाऱ्याने हे छापून आणले आहे. ते साहेब म्हणजे मी, आणि हे साफ खोटे आहे. ती घटना मला आजही तपशीलवार आठवते; केस डायरी मी लिहिली होती, त्या सहकाऱ्याने नव्हे.

चोपडा तालुक्यातील एका केळी बागायतदाराच्या शेततळ्यातले सगळे मासे एका पहाटे मेले. ठाण्यात येऊन त्याने थेट थोरल्या भावाचे नाव घेतले. शेताच्या बांधाच्या वादावरून दोघांचे बोलणे बंद होते. थोरला रोज पहाटे डबा घेऊन चोरून तळ्यावर जातो, अशी खबरही त्याच दिवशी मिळाली. झडतीत डबा सापडला, तळाशी गढूळ पाणी. सहकाऱ्यांनी अटकेचे कागद तयार ठेवले.

थोरल्याला सारे गाव नाना म्हणे. सत्तरीचा, ताठ माणूस. डब्यात काय होते, यावर तासभर गप्प. खोटे बोलणारा भरपूर बोलतो, असा माझा अनुभव. मी सहज विचारले, “नाना, मासे तरी ओळखता का?”

“वळखस ना! तो शेपटीतुटका सगळ्यास्ना आधी वर येस,” ते म्हणाले आणि जीभ चावली.

“म्हणजे खायला घालत होता?”

“सरकीनी ढेप. धाकला केळीमाच गुंतेल राहस, मासा उपाशी राहतस. पन साहेब, त्याले सांगू नका. म्हनी, नाना नमना.” धाकट्यापुढे नमल्यासारखे दिसू नये, म्हणून ही सारी चोरी.

मेलेल्या माशांत विष निघाले नाही. “विष पाण्यात विरले,” सहकारी म्हणाले. मला मात्र तळ्याचे हिरवे पाणी तपकिरी झालेले खटकत होते. जळगावच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या बाईंना भेटलो. “आधी शेवाळ मेले असेल,” त्या म्हणाल्या. “ते कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे गुदमरतात. बागेत काय फवारतात?”

तणनाशक! फवारणी झाली की धाकटा पंप तळ्यातच धूत असे. “बठ्ठाच धोतस, साहेब!” तो म्हणाला; सगळेच धुतात, त्यात काय, असा सूर.

पंचांसमक्ष पंपाचे धुवण आणि डब्यातले पाणी सीलबंद केले. बाईंनी काचेच्या बाटल्यांत सारखे शेवाळ घातले. एका बाटलीत साधे पाणी, एकीत डब्यातले, बाकीच्यांत पंपाचे धुवण, प्रत्येकीत आधीपेक्षा पातळ. दिव्याखाली ठेवून रोज थेंब घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. आमचा हवालदार म्हणाला, “साहेब, आता शेवाळाचीही हजेरी?”

चौथ्या दिवशी दोन्ही भावांना तिथे नेले. धुवणाच्या सगळ्या बाटल्या फिकुटल्या होत्या, सर्वांत पातळ होती तीसुद्धा. धाकटा नानांच्या पायाशी बसला.

“ऊठ, येडा,” नाना म्हणाले. “मासा परत आनूत.”

माणूस लपून काही करतो तेव्हा त्यामागे वैर शोधण्याची आम्हा पोलिसांची सवय. तिथे माया असू शकते, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

डब्यात थोडे विष असणारच, असे सहकारी अजूनही म्हणतात. त्यांनी बाटल्या पाहिल्या नाहीत. मी पाहिल्या. नानांच्या डब्यातले ढेपेचे पाणी घातलेली बाटली साध्या पाण्याच्या बाटलीपेक्षाही हिरवीगार होती.