मेंढीचा डोळा आणि माझा

"कॉर्नियल अल्सर आहे, फंगल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याला जखम झाली होती आणि तिच्यात बुरशी वाढत होती. मग त्यांनी विचारलं, "डोळ्यात काय घातलंत?"

मी म्हटलं, घेटुळीच्या मुळाचा रस. कशी घातली, तेही सांगितलं. त्यावर त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेर बाकावर बसलेली माणसं दारातून डोकावली. "शिकलेल्या दिसता! कुणाची थुंकी डोळ्यात घेता?"

माझी आई भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला दोघींचाही संताप आला.

मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसते. सुईत दोरा ओवता आला नाही तर माझी भाकरी संपली. ज्वारीच्या काढणीला माळशिरसकडे माहेरी गेले होते. वाळलेलं पान सपकन उजव्या डोळ्याला लागलं.

आमची माणसं मेंढरंवाली. घेटुळी आमच्या माळावर जमिनीलगत पसरते. आई तिची मुळं वाळवून गाडग्यात ठेवते. मेंढीच्या डोळ्याला काही लागलं की वाळकं मूळ चावायचं, रस तोंडानंच तिच्या डोळ्यात फुंकायचा आणि वर कापड बांधायचं. माझ्या आजीनं हेच केलं, आईनंही तेच.

"लई थंड असतंय. सोनीचा डोळा न्हाय का उघडला?" मला पान लागलं तेव्हा आई म्हणाली. सोनी तिची लाडकी मेंढी. सगळा कळप सोडून आईच्या पायाला अंग घासत चालणारी.

आईच्या तोंडात सदा मिश्री. तरी तिनं मला धरलं, वहिनीनं पापण्या फाकवल्या आणि आईनं मारली फुंकर. मी काय मेंढी आहे?

राग याचा येतो की बरं वाटलं. आग थांबली. त्या मेल्या थंडाव्यानंच घात केला. डोळा शांत आहे म्हणून बाजाराच्या दिवसापर्यंत कुणी पट्टीला हात लावू दिला नाही. सोडली तेव्हा बुबुळावर पांढरा ठिपका होता.

दवाखान्यात कॉर्नियल स्क्रेपिंग केलं. म्हणजे डोळा बधिर करून जखमेवरचा थर खरवडतात आणि तपासायला पाठवतात. दुखत नाही, पण डोळ्याकडे येणारं पातं दिसतं. मग दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. आई साबणानं हात धुऊन थेंब घालायची. मी तिच्याशी बोलत नव्हते.

डॉक्टरीणबाई पुढं निवळल्या. म्हणाल्या, "बुरशी बहुतेक पानाबरोबरच आत गेली असेल. थुंकीनं आणि पट्टीनं ती वाढली, आणि वेळ गेला." हेच पहिल्या दिवशी हळू आवाजात सांगितलं असतं, तर त्यांचं काय बिघडलं असतं?

जखम भरली, डाग राहिला. उजव्या डोळ्याला आता धुरकट दिसतं. दोरा जात नाही. मशीन गेली, मी तयार कपड्यांना बटणं आहेत का तेवढं बघते. डोळा वाचला म्हणून डॉक्टरीणबाईंचे उपकार मानते, ओरडल्या तरी. शेतात डोळ्याला काही लागलं तर तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. घरचं औषध, दुकानातले थेंब, काही घालू नका. बरं वाटतंय म्हणून तर अजिबात थांबू नका.

परवा माहेरी गेले. गाडगं तिथंच होतं. माझं डोकंच फिरलं.

"मेंढराला गुन येतो की," आई पुटपुटली.

"मेंढी सांगती व्हय, आये, दिसतंय का न्हाय ते?"

आई उठली आणि सोनीजवळ जाऊन बसली. एका हातानं तिचा चांगला डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं औषध घातलेल्या डोळ्यापुढं झपकन नेली. डोळा उघडाच होता. पापणी हलली नाही. आईनं पुन्हा बोटं नेली. पुन्हा नाही.

सोनी चाचपडत पुढं आली आणि आईच्या मांडीला त्याच डोळ्याच्या बाजूनं अंग लावून उभी राहिली.

"आगं," आई म्हणाली, "मला वाटलं, तू लाडानं घासून चालतीस."