मी काही पडणार नाही

घाई नसेल तर बसा, माझी एक फजिती सांगतो. मी सावकाश बोलतो, तेव्हा चहा निवला तर मला बोल लावू नका.

चिंचवडचा आमचा कारखाना बंद पडला आणि मी वॉचमन झालो. आधी एका गोदामावर, मग कोथरूडला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर. तिथली पोरं म्हणजे सोनं! मालक साहेबसुद्धा माझ्या मुलाच्या वयाचे. येता-जाता विचारणार, "काका, जेवलात का?" या वयात अशी नोकरी पुन्हा कुठे मिळायची?

एक दिवस रिसेप्शनवरची स्नेहा म्हणाली, "काका, शनिवारी मांजरी गावाला जायचंय, उसाच्या मळ्यावर. टीम बिल्डिंग!"

"मी कशाला? गेटवर कोण?"

"गेट काही पळून जात नाही. साहेबांनी सांगितलंय, सगळ्यांनी यायचं."

गेलो. गुऱ्हाळावर रस प्यालो. मग गळ्यात शिट्टी अडकवलेला एक गृहस्थ इंग्रजीत बरंच काही बोलला. मला त्यातलं 'ओके' तेवढं कळलं. मग उभं कसं राहायचं, तेवढं त्यानं करून दाखवलं. स्टुलावर उभं राहायचं, हात छातीशी, डोळे बंद.

मी दोन पावलं मागेच सरलो! का म्हणून विचारा. अहो, गोदामावर दर दिवाळीनंतर आम्हा वॉचमन लोकांची हीच परीक्षा व्हायची! डोळे मिटून ताठ उभं राहायचं. जो डोलला तो म्हातारा झाला, त्यानं घरी जायचं.

पहिला पोरगा स्टुलावर चढला आणि धाडकन मागे गेला. मागच्यांनी झेलला. मी म्हटलं, अरेरे, एवढा तरणाताठा, आणि गेला! मग दुसरा गेला. तिसरा गेला. आणि बाकीचे टाळ्या वाजवतायत! माणसाची नोकरी जाते नि टाळ्या?

स्नेहा पडली तेव्हा मला राहवेना. जवळ जाऊन म्हटलं, "पोरी, खचू नकोस. दुसरीकडे मिळेल."

"काय मिळेल, काका?" ती हसत होती. केवढी धीराची!

मग माझी पाळी आली. चढलो, पाय रोवले आणि खांबासारखा उभा राहिलो.

"काका, पडा!"

"मी काही पडणार नाही."

"घाबरू नका हो, आम्ही आहोत ना!"

"असाल. मी संध्याकाळपर्यंत उभा राहीन!"

शिट्टीवाल्यानं घाम पुसला. "साहेब, यांचा ॲटिट्यूड आधी बदलायला हवा."

"थांबा," साहेब म्हणाले. "काका, उतरा. मी दाखवतो."

मी उतरून समोर उभा राहिलो. साहेब चढले, डोळे मिटले आणि डोलायला लागले की हो! खुद्द मालक! हेच घरी गेले तर आम्हाला कोण विचारतो? मी झेप घेतली, त्यांचा पट्टा धरला आणि जीव खाऊन पुढे ओढलं. साहेब माझ्यावर, मी खाली, आणि दोघेही उसाच्या चिपाडांत!

तसाच पडल्या पडल्या म्हणालो, "साहेब, तुम्ही डोललाच नाहीत, मी साक्ष देतो. मीसुद्धा डोललो नाही. मला काढू नका."

साहेबांनी केसांतलं चिपाड काढलं. "तुम्हाला कोण काढतंय?"

मी गोदामाची गोष्ट सांगितली. ते तिथेच मांडी घालून बसले, हसू आवरत म्हणाले, "काका, हा खेळ आहे. परीक्षा असलीच तर मागे उभे राहणाऱ्यांची. ते झेलतात का, एवढंच बघायचं."

"आणि नोकरी?"

"सोमवारी वेळेवर गेट उघडा म्हणजे झालं."

अहो, छातीवरचा दगड उतरला! पुन्हा स्टुलावर चढलो, डोळे मिटले आणि सोडून दिलं अंग. केवढे हात ते! लहानपणी झोपेत कुणीतरी उचलून अंथरुणावर ठेवायचं ना, अगदी तसं.

"कसं वाटलं, काका?"

"अजून एकदा," मी म्हणालो.

मग अजून एकदा. मग जेवणाआधी. मग जेवण झाल्यावर. शेवटी स्नेहाच म्हणाली, "काका, दया करा, आता उभे राहा!"

सोमवारी मी वेळेवर गेट उघडलं. एकेक जण मनगट चोळत, बामाचा वास सोडत आत गेला. माझा सलाम सगळ्यांनी घेतला, पण उलट हात काही कुणाचा वर जाईना.