भट्टी, अस्वल आणि मांगूर

मार्लो गावच्या बेसबॉल संघाचं चिन्ह पुन्हा बदललं, तोवर व्हर्ना ह्लावाटीचे डोळे पार शिणले होते. स्टेडियममागच्या कपड्यांच्या खोलीत ती लग्नाआधीपासून बसायची. खेळाडूंच्या शर्टांवर चिन्ह शिवायचं, मालक बदलला की तेच उसवायचं आणि नवं शिवायचं, यातच तिचं आयुष्य सरलं.

पहिलं चिन्ह होतं पोलादाची धगधगती भट्टी. अर्धं गाव तेव्हा पोलाद कारखान्यात कामाला होतं. तिचा नवरा एमिलही. कारखाना बंद पडला आणि संघाच्या नव्या मालकाला भट्टी नकोशी झाली. त्याने हसरं अस्वल आणलं. अस्वल हरतच राहिलं. पुढच्या मालकाने नुसतं एक तिरकं अक्षर ठेवलं. आणि आता आला दात विचकणारा मांगूर मासा.

गणवेश सांभाळणाऱ्या क्लाइडने शर्टांचा ढीग तिच्यापुढे ठेवला.

"एवढे कर. पुढच्या वर्षीपासून छापूनच येणार आहेत."

"म्हणजे मी सुटले."

"मला वाटलं, चिडशील."

"चिडायलाही अंगात जोर लागतो, क्लाइड."

घरी हे ऐकून एमिलच चिडला. त्याने खणातून भट्टीचं जुनं चिन्ह शोधून काढलं. "मासा कसला लावतात! हे माझ्या जाकिटावर लावून दे."

"आज नको. हात भरून आलेत."

"चार टाक्यांचं तर काम."

"मग तूच घाल."

एमिल फुगून बसला. रविवारी दुपारी मात्र स्वतःच सुई-दोरा घेऊन खिडकीशी बसला. बोटं टोचून घेतली, दोरा गुंतवला. शेवटी भट्टी लागली, पण एका बाजूला कलून. व्हर्ना समोर बसून बघत होती. उठून ते नीट करावं असं तिला वाटलं नाही, आणि याचं तिलाच नवल वाटलं.

"कसं दिसतंय?"

"वाकडं."

"असू दे." टोचलेलं बोट चोखत तो म्हणाला, "इतकं किचकट असतं होय हे?"

"कधी विचारलंस?"

एमिलने जाकीट अंगात घातलं.

मोसमातल्या पहिल्या सामन्याला दोघं गेली. आजवर सामना चालू असताना ती आत फाटके शर्ट सांधत बसलेली असायची. आज पायऱ्यांवर ऊन होतं. मैदानातल्या खेळाडूंच्या शर्टांवरच्या मांगुराचे टाके तिने थोडा वेळ निरखले, मग डोळे मिटले.

एमिलने हलवून उठवलं तेव्हा माणसं पांगत होती.

"हरलो," तो म्हणाला.

"बरं," म्हणत ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.