ठरलेल्या रुंदीचं पान

नागावच्या आमच्या होमस्टेच्या बुकिंगसाठी मी वेब अ‍ॅप बनवलं. पानाची रुंदी पक्की, रकाने सारखे, प्रत्येक फोटो मापाच्या चौकटीत. माझ्या मोठ्या स्क्रीनवर ते देखणं दिसायचं. पाहुण्यांच्या फोनवर मात्र उजवीकडचं अर्धं पान स्क्रीनबाहेर राहायचं.

मग धाकट्या जावेनं फोनवरच एक पान जुळवलं. फोटो एकाखाली एक आणि शेवटी कॉलचं बटण. रकान्यांची ग्रिड कशाला म्हणतात हेही तिला ठाऊक नव्हतं, आणि सगळे पाहुणे तिलाच फोन करत होते. सासूबाई तिचं कौतुक करायच्या तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा.

चुका काढायच्या म्हणून मी फोनवर तिचं पान उघडलं. उघडताच आमच्या नारळाच्या वाडीचा फोटो दिसला. तो मीच काढला होता. माझ्या पानावर तो उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात, फोनवर दिसतच नव्हता.