मास्तरांनी नापास केलेली कॉफी

गणिताचे मास्तर निवृत्त झाले तेव्हा अख्ख्या गल्लीला हायसं वाटलं. चला, पोरांच्या मागची कटकट गेली! पोरं सुटली हे खरं, पण मास्तरांच्या हातातली लाल पेन्सिल थोडीच सुटणार होती? उभा जन्म ज्या हातानं पेपर तपासले, तो हात रिकामा कसा बसेल? शेवटी त्यानं घरातला किराणा तपासायला घेतला.

सुरुवात झाली जॅमपासून. बाटलीवर चष्मेवाली आजी, हातात लांब चमचा आणि खाली झोकदार अक्षरांत ‘आपल्या मातीची चव’. मास्तर वर्षानुवर्षं तोच जॅम खात आलेले, आजीवर त्यांचा जीवच होता म्हणा ना. एके सकाळी पेपरात कोपऱ्यातली बातमी वाचली, की ही आजी कधीच विकली गेली, तीही परदेशातल्या एका टायर कंपनीला. मास्तरांनी हातातला पाव खाली ठेवला.

“अगं, आपण टायरवाल्यांचा जॅम खातोय!”

“तरीच पावाला इतका घट्ट धरून बसतो,” मास्तरीणबाई म्हणाल्या आणि आणखी एक चमचा वाढून घेतला.

बाईंनी हसण्यावारी नेलं, पण मास्तरांनी फारच मनावर घेतलं. त्यांनी रीतसर गुण ठरवले. एकूण शंभर. मालक आपला असेल तर चाळीस, कारखाना आपल्याकडे असेल तर वीस, कच्चा माल आपला तर वीस, नफा देशातच राहिला तर वीस. पस्तीसला पास. मग एकेक डबा काढायचा, पाकिटावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचायची, कंपनीची सात पिढ्यांची कुळी काढायची आणि डब्यावरच लाल पेन्सिलीनं गुण ठोकायचे. मीठ चांगल्या गुणांनी पास झालं. बिस्किटं काठावर वाचली. साबणाचं नाव इतकं विलायती, की मास्तर आधीच नाक मुरडून बसले होते. तर तो निघाला पुलापलीकडच्या दोघा सख्ख्या भावांनी मिळून बनवलेला! आणि ज्या तेलाच्या डब्यावर बैलजोडी होती ते सपशेल नापास.

कुठं अडलं की मास्तर सरळ कंपनीलाच फोन लावायचे.

“नमस्कार, तुमचे मालक कोण?”

“काका, तुमची तक्रार काय आहे?” पलीकडची मुलगी विचारायची.

“तक्रार काही नाही. मालक सांगा.”

“काका, तक्रार असल्याशिवाय मला पुढं बोलता येत नाही.”

“बरं, मग मालक कळत नाही ही तक्रार लिहून घ्या!”

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तर त्यांनी पार भंडावून सोडलं. मास्तर दुकानात शिरले की तो बिचारा फळीवरची पाकिटं उलटी करून ठेवायचा. “मास्तर, माझं दुकान माझंच आहे हो, शपथ घेऊन सांगतो,” तो एकदा काकुळतीला येऊन म्हणाला. “आणि जागा?” मास्तरांनी विचारलं. जागा भाड्याची होती. तिथंही गुण कापले.

इथवर सगळी गंमत होती. मग पाळी आली कॉफीची.

लग्न झाल्यापासून ही दोघं रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून कॉफी प्यायची. खाली रस्त्यानं जाणाऱ्यायेणाऱ्यांची टवाळी करायची, स्वतःच्याच विनोदांवर हसायचं. भांडणं मिटायची तीही तिथंच. त्या कॉफीच्या पाकिटावर देशाचा भलामोठा नकाशा. मास्तरांनी भिंग लावलं, तर मालक परका, बिया परक्या, नफाही परका. कारखाना तेवढा इथला, पण त्यातली यंत्रंसुद्धा बाहेरची. गुण मिळाले अकरा. बाईंनी हात जोडले, “अहो, बिया बाहेरून आल्या त्याला ती तरी काय करणार? थोडे वरचे गुण द्या की!” पण मास्तर कसले ऐकतात! शाळेत त्यांनी हेडमास्तरांच्या पुतण्याला नापास केलं होतं, तिथं कॉफीची काय कथा.

त्यांनी गावाबाहेरच्या शेतातून जव आणले, भाजले, दळले, उकळले. शेतमालकाला स्वतः भेटून आले. अठ्ठ्याण्णव गुण! पोतं बाहेरचं होतं म्हणून दोन कापले. चव मात्र ओल्या पायपुसण्याची. बाईंनी एक घोट घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून आपला कॉफीचा कप घेऊन वरच्या मजल्यावर शेजारणीकडे जाऊ लागल्या.

मास्तर खिडकीशी एकटेच. छतातून वरचं हसणं ऐकू यायचं. रस्त्यानं जाणाऱ्या एका गृहस्थाची टोपी उडाली, तो तिच्यामागं धावला, कुत्रं त्याच्यामागं धावलं, आणि मास्तरांना सांगायला कुणी नाही! घशाखाली जव उतरेना. फार वाईट वाटलं हो त्यांना, पण दिलेले गुण बदलायचे कसे?

एका सकाळी शेजारीण लेकीकडे गेली. बाईंना खालीच बसावं लागलं. एका बाजूला कॉफी, एका बाजूला जव.

“माझे किती?” बाईंनी एकदम विचारलं.

“काय किती?”

“गुण हो. सगळं घर तपासलंत, मीच राहिलेय.”

बाई देशाच्या सीमेपलीकडच्या, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. मास्तर ऐन तारुण्यात तिकडे शिकवायला गेले आणि परत येताना यांना घेऊन आले. दुसरा कोणी शहाणा नवरा असता तर “तुला शंभर” म्हणून मोकळा झाला असता. मास्तर मात्र खरंच मोजायला बसले!

“कारखाना तिकडचा, शून्य. कच्चा माल, म्हणजे तुझे आईवडील, तेही तिकडचे. शून्य. नफा... तू विणतेस ते सगळे स्वेटर तिकडे तुझ्या बहिणीकडे जातात. मला एक मफलर मिळाला, त्याचे पाच.”

“आणि मालक?”

“तुझी मालक तूच. आणि तू तिकडची.” मास्तरांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. “एकूण पाच. नापास.”

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “त्या कॉफीला तरी अकरा होते,” त्या म्हणाल्या. “तिला सोडलंत, आता मलाही सोडा.” आणि कप घेऊन उठल्या.

“थांब! माझा पेपर राहिलाय.” मास्तरांनी त्यांचा हात धरला. “कारखाना इथला, वीस. कच्चा माल? इतकी वर्षं तुझ्या हातचं खातोय, माझ्या अंगात आता दुसरं आहे काय? शून्य.”

“नफा?” बाईंनी नाक ओढत विचारलं. “तुमच्यात कसला आलाय नफा!”

“शून्य. आणि मालक...” मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. “मालक बाहेरचा. सीमेपलीकडून आला आणि सगळा ताबाच घेतला. मी कितीही मोजलं तरी माझ्या नावावर काही उरत नाही. वीस गुण. मीही नापास.”

बाईंनी जवाचा कप उचलला, मोरीत ओतला आणि आपली कॉफी मास्तरांपुढे ठेवली.

“प्या मुकाट्यानं,” त्या म्हणाल्या. “मालकिणीचा हुकूम आहे.”