भाऊसाहेबांच्या नावाची बस

लोकांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात ना, एका पिशवीत दुसरी कोंबलेली, तसे माझ्याकडे फाउंडेशनचे किस्से साठलेत. एक ओढला की चार बाहेर येतात. जव्हारमध्ये कुणाच्या हळदीला जा, हातात ताट यायच्या आधी प्रश्न येतो, "काय गं, तुझ्या शेटलोकांनी यंदा काय पाठवलं?"

शेटलोक म्हणजे मुंबईचं एक बडं कुटुंब. वडील भाऊसाहेब वारले, तेव्हा त्यांच्या नावानं दोन मुलांनी फाउंडेशन काढलं. शिक्षण आणि समाजकार्य, क्षेत्र जव्हार-मोखाडा. मी त्यांची इथली फील्ड को-ऑर्डिनेटर. पदाचं नाव भारी, काम एकच. मुंबईहून आलेली माणसं दगडावरून घसरू द्यायची नाहीत!

फाउंडेशनचा नियमही एकच. ज्यावर भाऊसाहेबांचं नाव आणि फोटो छापता येतो, तेवढंच द्यायचं. दप्तर, बाक, पाण्याची टाकी. शिक्षकाचा पगार? नाही. गाडीभाडं? छे! डिझेलवर फोटो कसा छापणार?

एका वर्षी सगळ्या पाड्यांत बादल्या वाटल्या. बादलीवर भाऊसाहेब, हसरे. पुढच्या वर्षी मोठे सर, म्हणजे थोरले चिरंजीव, शाळेत आले. भिंतीवर वडिलांचा फोटो बघून गहिवरले आणि पोरांना म्हणाले, "बाळांनो, सांगा बरं, हे कोण?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "बादली!"

गुरुजी तेवढ्यात पुढं सरसावले. "घराघरात पोचलेत सर, घराघरात!" मोठ्या सरांनी रुमाल काढून डोळे टिपले. मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले, दुसरं काय करणार!

*

मग मुंबई ऑफिसच्या तन्वी मॅडम आल्या. गरजांचा सर्व्हे करायला. मोखाडा तालुक्याच्या अगदी टोकाला एक पाडा आहे, तिथं बायकांना गोलात बसवलं, रंगीत कागदाचे चौकोन वाटले आणि म्हणाल्या, "तुमची स्वप्नं यावर लिहा."

यमुनाची आई उठली. यमुना तेव्हा सातवीत, आणि पाड्यावरची शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल घाट उतरून, नदी ओलांडून, जव्हार तालुक्यात. आश्रमशाळेच्या जागा भरलेल्या. "मॅडम, स्वप्न-बिप्न काय नाय," ती म्हणाली. "पोरींला हायस्कूलला जायाला गाडी द्या. सातवी झाली का पोर घरी बसते. मग बाप भट्टीवर नेतो, विटा उचलायला. माझी मोठी तशीच गेली. हिला नाय जाऊ द्यायची मला."

यापेक्षा सोप्या मराठीत कुणी काय सांगायचं? मॅडमनी मान हलवली, "ब्युटिफुल" म्हणाल्या, आणि तो चौकोन तक्त्यावर अगदी मधोमध चिकटवला.

जूनमध्ये टेम्पो आला. मी धावत गेले. आत बूट! पांढरे शुभ्र स्पोर्ट्स शूज, टाचेवर भाऊसाहेब. आपल्या लाल चिखलात पांढरे बूट! बरं, ते तरी पायात जावेत? सगळे एकाच मापाचे.

मी फोन लावला. "मॅडम, मी प्रत्येक पोरीच्या पायाचं माप पाठवलं होतं."

"हो, मिळाली ना सगळी. आम्ही त्यांचं ॲव्हरेज काढलं."

यमुनाचा पाय त्यात मावेना. तिच्या आईनं त्या बुटात कोंबडीची पिल्लं ठेवली. यमुना आठवीला निघाली ती प्लॅस्टिकच्या चपला घालून, चालत. बापानं बजावलं होतं, "वाटेचा त्रास झाला तर शाळा बंद. दिवाळीनंतर भट्टी."

*

भिंतीचा किस्सा छोटाच आहे. शेटलोकांच्या कंपनीतली मुलं-मुली वर्षातून एकदा शाळेची भिंत रंगवायला येतात. फुलपाखरं, पृथ्वी, हसणारा सूर्य. सेल्फी काढतात, बोटिंग करून जातात. आता भिंत एक आणि वर्षं अनेक. मग ते यायच्या आधी आम्ही काय करायचं? माणूस लावून गेल्या वर्षीची फुलपाखरं पांढरी करून घ्यायची!

एकदा गुरुजी काकुळतीला येऊन म्हणाले, "मॅडम, यंदा त्या माणसाला छपरावर चढवता का? गळतंय हो."

तन्वी मॅडमनी वर बघितलं. "छप्पर फोटोत येत नाही, सर."

*

त्यानंतर फिल्मवाले. फाउंडेशनला देणगीदारांसाठी फिल्म हवी होती. पोरी किती लांब चालत जातात, ते दाखवायचं. म्हटलं, चला, निदान आता तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेल.

गाडीतून उतरल्या उतरल्या दिग्दर्शकानं मला बाजूला घेतलं. तो नेटवर इथल्या वावर गावची जुनी बातमी वाचून आला होता, कुपोषणानं मेलेल्या पोरांची. हळूच म्हणाला, "ताई, एखादं बारीक मूल मिळेल का? फार नको, एकच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाजी घ्यायला आलाय का मेला! म्हटलं, "इथल्या आयांनी पोरं पुरलीयत. तुमच्या फिल्मसाठी नाही वाढवलेली बाकीची." तो "ओके, ओके" करत कॅमेऱ्याच्या मागं गेला.

बरं, पोरींची रोजची वाट त्याला पसंत पडेना. उघडा डोंगर, धूळ, काही 'व्हिज्युअल' नाही. मग सगळ्यांना जीपमध्ये घातलं आणि थेट दाभोशाला नेलं. धबधब्यासमोरून पोरींना चालवलं, पाठीवर दप्तरं, दप्तरांवर भाऊसाहेब. यमुना मला विचारते, "ताई, हायस्कूल इकडं कुठं?"

मुंबईत मोठ्या हॉटेलात फिल्म दाखवली. मलाही बोलावलं होतं, लुगडं नेसून या म्हणून निरोप होता. मी ड्रेस घालून गेले. फिल्म संपल्यावर एक बाई हातात ग्लास घेऊन म्हणाल्या, "किती लकी आहेत या मुली! रोज असं चालायला मिळतं. यांना बस कशाला हवी?"

*

बस कशी मिळाली, तेही ऐका. ती ना सर्व्हेनं मिळाली, ना फिल्मनं. ती मिळवली इक्बालभाईनं. इक्बालभाई आमच्या ऑफिसची जीप चालवायचा, जव्हारचाच, बापाचं बाजारात दुकान. दुसऱ्या पावसाळ्यात यमुना नाला ओलांडताना वाहता वाहता वाचली आणि बापानं शाळा बंद केली. इक्बालभाई त्या दिवशी जेवला नाही. त्यालाही मुलीच आहेत.

त्याच आठवड्यात मोठे सर शिरपामाळला फिरायला आले. छत्रपती महाराज स्वारीवर जाताना जिथं थांबले होते, तिथं फोटो काढून झाले. इक्बालभाई गाडी चालवता चालवता सहज बोलल्यासारखं बोलला, "सर, एक बात सांगू? बादलीला एकच बाजू असते. बसला चार. पुढं नाव, मागं नाव, दोन्ही साइडला भाऊसाहेबांचा फोटो. आणि बादली घरात राहते सर, बस पूरे रोडवर फिरते!"

मोठ्या सरांनी मान वर करून जीपच्या टपाकडं बघितलं. मग म्हणाले, "छतावर पण लिहिता येईल. ड्रोनमधून दिसेल."

महिन्याभरात बस हजर! दीड वर्ष मी ईमेल करत बसले होते. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. पण यमुना नववीच्या वर्गात परत जाऊन बसली आणि इक्बालभाई बसचा ड्रायव्हर झाला, मग मी कशाला आपटू?

*

आणि सगळं सुरळीत चाललंय म्हणताना कुटुंबात वाटण्या झाल्या.

धाकट्या सरांचं आणि मोठ्या सरांचं फाटलं. कारखाने वाटले, बंगले वाटले, आणि शेवटी टेबलावर उरलो आम्ही. दोन भावांनी नकाशा पुढं घेतला आणि फाउंडेशनही वाटलं! जव्हार तालुका थोरल्याचा, मोखाडा धाकट्याचा. इथल्या माणसांना कुणी विचारलंसुद्धा नाही. वाटताना भांडी तरी आवाज करतात!

बस आली थोरल्याच्या वाट्याला. हायस्कूल जव्हारमध्ये, तेही थोरल्याचं. यमुनाचा पाडा मोखाड्यात, म्हणजे धाकट्याचा. हुकूम आला, "आपली बस त्यांच्या हद्दीत एक चाक टाकणार नाही." बसला जीपीएस लावला. घाटाच्या पायथ्याला, नदीच्या पुलावर तालुक्याची पाटी आहे. तिथं बस उभी राहायची, पोरी उतरायच्या, आणि पुढचा सगळा चढ पुन्हा पायी. तेच नाले, तीच वाट. यमुना दहावीत गेली होती.

मी धाकट्या सरांच्या ऑफिसात गेले. "पुलापासून वरपर्यंत एक जीप द्या." ते म्हणाले, "अर्ध्या रस्त्याचा प्रोजेक्ट? इम्पॅक्ट कुणाच्या नावावर धरायचा?"

यमुनाच्या बापानं पुन्हा बोलणं सुरू केलं, "दिवाळीपर्यंत बघतो. नाय तर हिला भट्टीवर नेतो." परीक्षा फेब्रुवारीत. आई रोज संध्याकाळी वाट बघत पाड्याच्या तोंडाशी उभी. मी दोन्ही भावांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की सांगायची सोय नाही.

*

दिवाळीच्या थोडं आधी आईसाहेब आल्या. भाऊसाहेबांच्या पत्नी, दोघांची आई. वय झालंय, पण ताठ. धाकट्याचा मोखाड्यात कार्यक्रम होता, शिलाई मशीन वाटपाचा, आणि मुक्काम थोरल्याच्या जव्हारच्या बंगल्यावर. मला सोबतीला दिलं होतं. थोरल्याच्या गाडीतून आम्ही निघालो आणि पुलावर, पाटीपाशी, ड्रायव्हरनं गाडी थांबवली.

"काय झालं?" आईसाहेबांनी विचारलं.

"इथून पुढं धाकट्या सरांची गाडी येणार, मॅडम. आम्हाला परवानगी नाही."

धाकट्या सरांची गाडी नव्हती. फोनला रेंज नव्हती. आईसाहेब मागच्या सीटवर बसून राहिल्या, काच खाली, पर्स मांडीवर. ऊन कलायला लागलं. मी पाटीकडं बघत बसले, कारण तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती.

तेवढ्यात मागून इक्बालभाईची बस आली, पाटीपाशी थांबली आणि पोरी भराभर उतरल्या. चढाला लागता लागता यमुना गाडीपाशी थबकली. तिनं आईसाहेबांकडं बघितलं, ड्रायव्हरकडं बघितलं, पाटीकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा अजिबात नव्हती. कळवळून विचारलं, "आजी, तुमची पन वाटनी झाली का?"

खाली पाणी तेवढं वाजत होतं.

आईसाहेबांनी दार उघडलं. मी हात द्यायला गेले, तो त्यांनी बाजूला सारला. पदर खोचला, चालत बसपाशी गेल्या, दांडा धरून वर चढल्या आणि इक्बालभाईच्या मागच्या सीटवर बसल्या. खिडकीतून पोरींना हाक मारली, "या गं सगळ्या वर." मग म्हणाल्या, "चला."

इक्बालभाईनं एकदा माझ्याकडं बघितलं. "आईसाहेब, मोठे सर विचारतील. त्यांना काय सांगू?"

"सांगा, आई धाकट्याच्या हद्दीत गेली. भेटायचं असेल तर चालत ये म्हणावं."