शिशाची पलटण आणि एक हुकूम

सुखदेव रामटेके गेल्याचा फोन आला तेव्हा मी धानोऱ्याजवळ आमच्या शेताच्या बांधावर मोहफुलं वेचत होतो. फोनवर त्यांच्या पत्नी शांताबाई होत्या. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतं म्हणाले, आणि नागभीडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, एवढंच त्यांनी सांगितलं. मी टोपली खाली ठेवली. अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. मला राग आला. एक माणूस अजून धडधाकट आहे आणि त्याच्याआधी हे कसे गेले, याचा राग. आणि मी त्यांना माफ केलेलं नसताना ते निघून गेले, याचाही... दीड महिना झाला. राग होता तिथंच आहे. तो बाजूला ठेवून रामटेकेभाऊंबद्दल गोड गोड लिहिलं असतं तर ते त्यांनाच पटलं नसतं.

आम्ही दोघं एकाच पलटणीतले. ते वायरलेसवर, मी रायफल कंपनीत. ते मला चार-पाच वर्षांनी मोठे. कुठलीही मोठी कामगिरी असली की आधी वाळूत डोंगर-नाले मांडून समजवायची फौजेत पद्धत असते. ती मांडणी करण्यात भाऊंचा हात धरणारा कोणी नव्हता. नकाशा पाहून तासाभरात ते अख्खा मुलूख जमिनीवर उभा करायचे. हे पाहून एका तरुण कॅप्टननं आपली पेटी त्यांच्यासमोर उघडली. आत बोटाएवढे रंगवलेले सैनिक, फासे, मोजायची टेप आणि नियमांची वही. टेबलावर दोन फौजा मांडायच्या, टेप लावून चालवायच्या, गोळी लागली की नाही ते फाशावर ठरवायचं. कॅप्टनची बदली झाली आणि पेटी गेली, पण खेळ भाऊंच्या अंगात राहिला.

निवृत्तीनंतर त्यांनी नागभीडच्या घरातली पुढची खोली या खेळालाच दिली. सैनिक विकत घ्यायला इथं कोण दुकान मांडून बसलंय? मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिसं वितळवून प्लास्टरच्या साच्यात ते स्वतः ओतायचे. पहिल्यांदा त्यांनी ते शांताबाईंच्या वरणाच्या पातेल्यात वितळवलं, तेव्हा दोन दिवस घरात बोलचाल बंद होती. भाताच्या तुसाला रंग लावून ते गवत करायचे, करवंदीच्या काटक्यांची झाडं. महिन्यातून एका रविवारी मी धानोऱ्याहून दोन बस बदलून जायचो. त्यांच्या खेळाचा एक नियम पक्का होता. चाल करण्याआधी प्रत्येकानं आपला हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, आणि लिहिलेलं मग बदलायचं नाही. मी कित्येकदा गयावया केली असेल, की भाऊ, माझं चुकून डावीकडं लिहिलं गेलं. ते हसायचे नाहीत. म्हणायचे, "हुकूम दिला तो दिला, मडावी." मी बहुतेक वेळा हरायचो. तरी सांगतो, आयुष्यातले माझे चांगले रविवार तेच.

आता मनिरामबद्दल सांगायला हवं. मनिराम उसेंडी माझा आतेभाऊ, आमच्याच पलटणीत नाईक. सरहद्दीवरच्या एका चौकीतून तो गस्त घेऊन गेला आणि परतताना नाल्यात सापडला. वरून गोळीबार झाला. तो आणि दोन जवान गेले. मी त्या वेळी रजेवर गावात होतो. पुढं चौकशी झाली आणि कागदावर आलं, की गस्तप्रमुखानं ठरलेली वाट स्वतःच्या मर्जीनं सोडली. म्हणजे बाकीच्या दोघांचा जीवही त्यानंच घालवला. त्या दोघांपैकी एक शेजारच्याच गावचा. त्याची आई आणि माझी आत्या दोघी धानोऱ्याच्या बाजारात हिरडा विकायला बसायच्या, आधी एकाच चादरीवर. त्या कागदानंतर ती बाई आत्याकडे पाठ करून बसू लागली. सोळा वर्षं. आत्यानं कधी तक्रार केली नाही, पण घरातला मनिरामचा फोटो तिनं भिंतीवरून काढून धान्याच्या कोठीमागे ठेवला होता. हे सगळं मी भाऊंना किती वेळा सांगितलं असेल... ते ऐकत आणि टेबलावरची झाडं सरळ करत बसायचे.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्या वेळचे आमचे कंपनी कमांडर ताडोब्याला वाघ पाहायला आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते स्वतः वाचतील तेव्हा त्यांना कळेलच. भाऊंनी त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि मलाही. मी पोचलो तेव्हा टेबलावर नवाच मुलूख होता, डोंगराची एक उंच धार आणि तिच्या पायथ्याशी अरुंद नाला. साहेब खूश झाले. म्हणाले, वा रामटेके, अजून हात तसाच आहे. भाऊ म्हणाले, एक डाव होऊन जाऊ द्या, गस्त तुमची, तिला चौकीवर परत आणायचं, वर मी. साहेबांनी टेबलाभोवती एक चक्कर मारली, धार पाहिली, चिठ्ठी लिहिली. दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या. साहेबांच्या अक्षरात होतं, ‘नाला टाळा. धारेवरून या.’ आणि वर हसून ते म्हणाले, "नाल्यातून कोण शहाणा येईल? उभ्या उभ्या मरायचंय का?"

भाऊंनी ती चिठ्ठी उचलून खिशात ठेवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, हा नाला वळखला नाई तुमी? मी फक्त दिशा फिरवली. सेटवर मीच होतो त्या दिवशी. मनिरामनं दोनदा विचारलं, वर हालचाल दिसून राह्यली, धारेवरून येऊ का. तुमी म्हणाले, मोठे साहेब येऊन राह्यले, टाइम नाई, नाल्यातून या."

माझ्या हातात चहाचा कप होता. साहेबांचा चेहरा पांढरा पडला, पण तो क्षणभरच. फौजेत माणूस उत्तर द्यायला शिकतो. ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, "चौकशीच्या कागदावर तुझीही सही आहे, रामटेके. तू काय लिहून दिलं होतंस, ते यांनाही सांग ना."

भाऊ माझ्याकडं वळले. "असा काही हुकूम ऐकला नाई, असं लिहून देल्लं मी," ते म्हणाले. "माझं प्रमोशन तोंडावर होतं, मडावी."

साहेब न जेवता गेले. गाडीत बसताना त्यांनी शांताबाईंना नमस्कार केला, हे मी विसरणार नाही. त्यांच्यामागोमाग मीही निघालो. भाऊ फाटकापर्यंत आले, काहीतरी बोलले. मी वळून पाहिलं नाही. बसमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हा माणूस मला घरी बोलावून खेळवत होता, माझ्या आत्याची हकीकत माझ्याच तोंडून ऐकत होता, आणि सोळा वर्षं त्याला माहीत होतं. साहेबाला मारावंसं वाटलं, हे खरं आहे. पण साहेब माझा कोणी नव्हता. भाऊ होते. म्हणून त्यांना जास्त मारावंसं वाटलं.

चार महिने मी फोन उचलला नाही. मग एका दिवशी भाऊ स्वतःच धानोऱ्याला आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. सगळी हकीकत त्यांनी लिहून काढली होती, स्वतःच्या खोट्या जबानीसकट, सोबत नकाशा आणि साहेबांच्या चिठ्ठीची प्रत. पलटणीला पाठवली होती, साहेबांनाही. मला म्हणाले, मनिरामच्या आईकडं ने. मी नेलं. त्यांच्यासाठी नाही, आत्यासाठी. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मले एकटीले सांगून काय करू? बदनामी बाजारात झाली. तिथी सांग."

आणि त्यांनी सांगितलं. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, हिरड्याच्या ढिगांमध्ये उभं राहून, निवृत्त नायब सुभेदारानं मोठ्या आवाजात तो कागद वाचला. मी खोटं लिहून दिलं, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. मधेच ते टेकायला काही शोधत होते. मला दिसत होतं, आणि मी त्यांना आधार दिला नाही. वाचून झाल्यावर ती दुसरी आई आपली टोपली घेऊन उठली आणि आत्याच्या चादरीवर येऊन बसली. आत्यानं भाऊंना गडूभर पाणी दिलं. म्हणाली, "पी आन् जा. पुन्हा येऊ नोको."

पलटणीकडून उत्तर आलं, प्रकरण जुनं आहे, बंद झालं आहे. साहेबांकडून काहीच नाही. त्यानंतर मी नागभीडला जाऊ लागलो, पण आमच्यात पूर्वीसारखं बोलणं राहिलं नाही. टेबलावर तोच नाला आणि तीच धार. दर खेपेला भाऊ गस्त घ्यायचे आणि मी वर बसायचो. कधी ती सुखरूप चौकीवर पोचायची, कधी नाही. एकदा त्यांनी विचारलं, "मडावी, तू मले माफ करशील का नाई?" मी फासे टाकले आणि म्हणालो, तुमची पाळी.

परवाच्या रविवारी पुन्हा गेलो. शांताबाईंनी खोलीला हात लावलेला नाही. भाऊंच्या रंगाच्या कुंचल्यानं रोज सकाळी त्या एकेका सैनिकावरची धूळ झाडतात. कोणी सांगितलं नव्हतं. चहा देताना त्यांनी विचारलं, "मडावीभाऊ, त्याईले माफ केलं का तुमी?"

"नाई," मी म्हणालो.

"मंग येता काऊन?"

"साहेबाले अजून एकदा इथी आणाचं आहे, बाई. येत नसन तर मी लिहून राह्यलो तो लेख त्याच्या दारात नेऊन वाचीन. पण टेबल मोडू नका. आता त्याच्यासमोर मी बसतो."

त्यांनी टेबलावरचा कुंचला उचलून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "मंग धारेकडची धूळ तुमी काढा. माझा हात पोचत नाई तिथी."